सीतेची वेणी की एरिडिस? आंब्यावरचं सुवासिक ऑर्किड ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पौडजवळच्या गावी घरामागच्या जुन्या आंब्यावर कित्येक वर्षांपासून एक ऑर्किड आहे. जूनच्या आगेमागे त्याला गुलाबी फुलांचे लोंबते तुरे येतात आणि सकाळी अंगणात गोडसर वास असतो. घरातल्या आजी त्याला सीतेची वेणी म्हणतात, मोबाईलवरचं ॲप एरिडिस मॅक्युलोसा असं नाव दाखवतं, आणि शहरातल्या एका नर्सरीत फोटो बघून ‘व्हँडा आहे’ असं सांगितलं गेलं. आता आषाढातल्या वाऱ्यात एक फांदी मोडली, तिच्यावरचं रोप खाली आलं. तर हे नक्की कोणतं, आणि पुण्यातल्या बाल्कनीत आणलं तर जगेल का?

तुमची अडचण अशी की ज्या तीन खुणांवरून तुम्ही ओळखायला बघताय, म्हणजे गुलाबी रंग, लोंबता तुरा आणि सुवास, त्या तिन्ही खुणा आपल्या भागातल्या एकाहून जास्त ऑर्किडांत सापडतात. मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, भोर, भीमाशंकर या सगळ्या पट्ट्यात मे ते जुलै या काळात झाडांवर गुलाबी तुरे लोंबताना दिसतात. त्यात सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा, असते आणि एरिडिसच्या दोन-तीन जातीही असतात. गावागावांत लोक या सगळ्यांनाच सीतेची वेणी म्हणतात. आजींचं चुकत नाहीये. वेणीत माळण्याजोगं लोंबतं फूल एवढंच ते नाव सांगतं, जात सांगत नाही.

आधी व्हँडाचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. आपल्याकडे झाडांवर सहज दिसणारी व्हँडा म्हणजे व्हँडा टेसेलाटा. तिच्याही फुलांना सुंदर वास असतो. पण फूल पिवळट-तपकिरी, त्यावर जाळीदार चौकडी, आणि खालची पाकळी निळसर-जांभळी. तुऱ्यावर फुलं मोजकीच आणि विरळ. गुलाबी फुलांनी गच्च भरून खाली लोंबणारा तुरा तिला कधी येत नाही. नर्सरीत पट्ट्यासारखी दोन बाजूंना पानं असलेल्या कुठल्याही ऑर्किडला सर्रास व्हँडा म्हणतात, तसंच इथंही झालं असावं. (याच व्हँडाची मुळं काही भागांत रास्ना म्हणून विकली जातात. त्यापायी झाडांवरून ती ओरबाडली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.)

उरल्या सीतेची वेणी आणि एरिडिस. इथं रंग आणि ठिपके बाजूला ठेवा. दोघींच्याही पाकळ्या पांढऱ्या ते फिकट गुलाबी, दोघींवरही जांभळट ठिपके. एकाच झाडावरच्या दोन रोपांत ठिपके कमीजास्त असतात, उन्हात फुललेल्या तुऱ्याचा रंग वेगळा आणि सावलीतल्याचा वेगळा. रंगावर भिस्त ठेवणारे सगळे इथंच फसतात. ॲपसुद्धा बऱ्याच अंशी रंग आणि एकूण आकार बघूनच अंदाज बांधतं.

बघायची ती लिप. ऑर्किडच्या फुलात तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात. त्यातली एक पाकळी बाकीच्यांपेक्षा निराळी घडलेली असते, तिला लिप म्हणतात. कीटक तिच्यावर उतरतो, म्हणून प्रत्येक जातीत तिची घडण ठरावीक असते आणि ओळखायला तीच सगळ्यात विश्वासू. मी शिकाऊ मुलांना नेहमी एकच गोष्ट करायला लावते. तुऱ्याच्या मधल्या भागातलं एक ताजं फूल खुडायचं, तळहातावर आडवं ठेवायचं आणि बाजूनं बघायचं. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही जाती सारख्या वाटू शकतात. बाजूनं बघितल्यावर फरक लगेच कळतो.

सीतेच्या वेणीच्या फुलाला मागे-खाली एक बोथट पिशवी असते. दोन बोटांच्या चिमटीत हलकं दाबल्यासारखी ती दोन्ही बाजूंनी चपटी असते. पिशवीच्या पुढं लिपचं गडद जांभळट-गुलाबी पातं येतं, मुळाशी निमुळतं आणि टोकाकडे रुंद होत गेलेलं. या लिपला बाजूचे कान नसतात. ती एकसंध असते, फार तर टोकाला बारीकशी खाच. नवं ब्लेड घेऊन फुलाचा उभा छेद घेतलात तर पिशवीची पोकळी सरळ दिसते, आत काही गुंतागुंत नाही. फूल जेमतेम दोन सेंटीमीटरचं. पण तुरा दाट असतो. एका दांड्यावर शंभराहून जास्त फुलं, दांड्याच्या चहूबाजूंनी एकमेकांना खेटून, आणि तुरा एकसारखा नळीसारखा गोल. चांगल्या जुन्या रोपाचा तुरा दोन फुटांपर्यंत जातो. दांड्याला फाटे फुटत नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

एरिडिसची लिप तीन भागांची असते. मधला भाग मोठा, आणि मुळाशी दोन्ही बाजूंना दोन लहान कान उभे. पिशवीच्या जागी शिंगासारखा पोकळ भाग असतो, आणि तो मागे न जाता पुढे, लिपच्या खालून वर वळलेला असतो. बाजूनं बघितलं की हे वळण चुकूच शकत नाही. एरिडिस मॅक्युलोसामध्ये लिपचा मधला भाग रुंद, पसरट आणि उठावदार गुलाबी-जांभळा असतो. शिंग आखूड असतं, त्यामुळे ते शोधायला फूल थोडं वर उचलून बघावं लागतं. पाकळ्यांवरचे ठिपके ठसठशीत. ही जात फक्त भारतात आढळते, आणि ती आपल्या सह्याद्रीत चांगली रुजलेली आहे. तुऱ्याला बहुतेकदा बाजूचे फाटे फुटतात.

एरिडिस क्रिस्पा हीसुद्धा आपल्याकडे होते. तिचं फूल मोठं, तीन सेंटीमीटरच्या पुढं, पण तुऱ्यावर फुलं विरळ. लिपच्या मधल्या भागाची कड बारीक चुणीदार, झालरीसारखी. खोड लांबतं आणि जांभळट झाक मारतं. वास चांगला जाणवतो. एरिडिस रिंजेन्सची फुलं या सगळ्यांपेक्षा लहान, तिच्यात तुमचं रोप बसेलसं वाटत नाही.

आता वासाविषयी, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. वास ही खूण खरी आहे, पण एकट्या वासावर जात ठरवू नये. ऑर्किडचा वास दिवसभर सारखा नसतो. सकाळच्या गारव्यात अंगणभर दरवळणारा तुरा दुपारी नाकाशी धरला तरी मुका वाटू शकतो. फूल उमलून किती दिवस झाले, हवा दमट आहे की कोरडी, पाऊस नुकताच पडून गेलाय का, या सगळ्यानं फरक पडतो. शिवाय तुरा एक आहे की दहा, यावरही ते अवलंबून असतं. एका फुलाचा वास सौम्य असला तरी शे-दोनशे फुलं एकदम उमलली की अंगणात जाणवणारच. माझ्या अनुभवात सीतेच्या वेणीचा वास मंद असतो, जवळ गेल्याशिवाय फारसा कळत नाही. एरिडिस क्रिस्पा आणि मॅक्युलोसा त्या मानानं जास्त वास सोडतात. त्यामुळे ‘सकाळी अंगणात वास असतो’ हे तुमचं वाक्य मला एरिडिसकडे ढकलतं. पण नाकं वेगवेगळी असतात आणि आठवणीतला वास नेहमीच थोडा वाढलेला असतो. म्हणून वासाला मी दुय्यम साक्षीदाराचीच जागा देते.

तुमची अडचण अशी की आता फुलं सरली आहेत, लिप बघायची तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. तरी आजही काही बघण्यासारखं आहे. पडलेल्या रोपावर, पानांच्या बेचक्यात, यंदाच्या तुऱ्याचा वाळलेला दांडा बहुधा अजून टिकून असेल. तो नीट बघा. फूल गळून गेल्यावर प्रत्येक फुलाच्या देठाची बारीक खूण दांड्यावर राहते. बोट फिरवलं तरी खरखर जाणवते. खुणा चहूबाजूंनी दाटीवाटीनं असतील आणि दांडा शेवटपर्यंत सरळ एकच असेल तर सीतेची वेणी असण्याची शक्यता जास्त. खुणा अंतराअंतरावर असतील आणि दांड्याला एखादा जरी फाटा असेल तर सीतेची वेणी बाद. मात्र फाटा नाही म्हणून एरिडिस बाद होत नाही, कारण लहान किंवा अशक्त रोपावर एरिडिसचा तुराही बिनफाट्याचा येतो. एखादं बोंड धरलं असेल तर ते दांड्यावर तसंच राहू द्या, तोडू नका.

पानांवरूनही थोडा अंदाज येतो, पण जपून. सीतेच्या वेणीचं पान जाड, लांब, मध्यशिरेवर खोल पन्हळ पडलेलं आणि खालच्या बाजूनं धार आलेली असते. एरिडिस मॅक्युलोसाचं पान त्या मानानं रुंद, आखूड आणि सपाट. टोक मात्र दोघींचं सारखंच, कुणी वेडंवाकडं कातरल्यासारखं आणि दोन असमान भागांचं, त्यामुळे टोकावर जाऊ नका. गर्द सावलीतल्या रोपाची पानं लांबट आणि मऊ होतात, कडक उन्हातली आखडतात आणि लालसर पडतात. म्हणून एक रोप बघून पानावरून निकाल देऊ नये. एकाच जागेवरची चार रोपं बघितली तर अंदाज बरा येतो. मुळांवरून तर जात कळतच नाही. वाळली की रुपेरी आणि ओली झाली की हिरवी पडणारी ती जाड मुळं दोघींनाही सारखीच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत रोप खालून आणि लांबून टिपलंय. दोन तुरे दिसतात. उजवीकडच्या तुऱ्याला मध्यावर एक फाटा असावा असं वाटतं, पण त्यामागे आणखी एक तुरा असला तरी तसंच दिसेल. पानं मला रुंद वाटतात. फाटा, रुंद पानं आणि अंगणभर वास हे तिन्ही धरलं तर माझा कल एरिडिस मॅक्युलोसाकडे आहे, म्हणजे ॲप बरोबर असू शकतं. पण लिप बाजूनं बघितल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही. तुम्हीही रोपाला नावाची पाटी लावू नका. चुकीचं नाव एकदा चिकटलं की ते फोटोंसोबत पुढं पुढं जातं, आणि नंतर कुणी त्या भागातल्या नोंदी जमवायला बसलं की त्याला आंब्यावरचं खरं रोप कधीच सापडत नाही.

सीतेच्या वेणीबद्दल लोकांना इतकी ओढ का, हेही समजण्यासारखं आहे. आसामात याच फुलाला कोपौ म्हणतात, बिहूला मुली ते केसांत माळतात, आणि आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं ते राज्यपुष्प आहे. भारतापासून थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत ही जात पसरलेली आहे. एवढा मोठा पसारा असल्यामुळे तिचं नाव जास्त ऐकलं जातं आणि आपल्या गावच्या प्रत्येक गुलाबी तुऱ्याला तेच लावलं जातं. एरिडिस मॅक्युलोसाला तेवढी प्रसिद्धी नाही. मला मात्र ती जास्त मोलाची वाटते, कारण ती आपल्या देशाबाहेर कुठं सापडत नाही. तुमच्या आंब्यावर ती निघाली तर हिरमुसू नका.

एक इशारा खरेदीबद्दल. पुण्यात नर्सरीत किंवा थंडीतल्या पुष्पप्रदर्शनात ‘सुवासिक सीतेची वेणी’ म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा ऱ्हिंकोस्टायलिस जायगँशिया असतं, थायलंडकडून आलेलं. पानं फारच रुंद, त्यांवर लांबीच्या दिशेनं फिकट रेघा, फुलं मोठी आणि तुरा आखूड. रंग पांढऱ्यापासून गडद लालपर्यंत, आणि वास खरोखर जोरदार. ते हिवाळ्यात फुलतं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत फुललेलं दिसलं तर ते सह्याद्रीतलं नव्हे, एवढं सहज समजतं. रोपवाटिकेत तयार केलेलं रोप घ्यायला काहीच हरकत नाही, उलट जंगलावरचा भार त्यानं कमी होतो.

पडलेल्या रोपाचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे. त्याच आंब्यावर परत बांधा. फांदी मोडली असली तरी खोड किंवा दुसरी जाड फांदी असेलच. मुळं मोडक्या फांदीच्या सालीला धरून असतील तर ती ओढून काढू नका. सालीचा तो तुकडाच कापून घ्या आणि तुकड्यासकट बांधा. काथ्या किंवा सुती दोरी वापरा, तार नको. रोप थोडं तिरकं, पानांचा शेंडा बाहेरच्या बाजूला झुकेल असं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी शेंड्यात साचणार नाही. शेंडा कुजला तर सगळं संपलं, कारण ही ऑर्किडं एकाच शेंड्यानं वाढतात. मुळांभोवती माती, शेण, भिजलेलं पोतं काहीही गुंडाळू नका. जागा अशी निवडा की सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी पानांची सावली. आता पावसाळा आहे, नव्या मुळांना हीच वेळ अनुकूल. मुळांची टोकं हिरवी-लालसर होऊन पुढं सरकू लागली की रोप रुजलं म्हणून समजा.

गावात कुणी म्हणेल की हे बांडगूळ आहे, आंब्याचा रस शोषतं, पडलंय तर जाऊ द्या. तसं नाही. बांडगूळ आंब्याच्या आत मुळं घुसवतं. ऑर्किड फक्त सालीवर बसतं, पाणी पावसातून आणि दमट हवेतून घेतं, क्षार सालीवर साठलेल्या पालापाचोळ्यातून. आंब्याला त्याचा काही त्रास नाही. त्याचं बी धुळीएवढं बारीक असतं, त्यात स्वतःचा अन्नसाठा जवळजवळ नसतो, आणि ठरावीक बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यानंतर फुलायला कित्येक वर्षं जातात. तुमच्या आंब्यावर ते वाढलंय म्हणजे तिथं बुरशी, साल, ओलावा सगळं जुळून आलंय. बाल्कनीत हे जुळवून आणणं सोपं नाही.

तुमचा आंबा तुमच्या जागेत आहे, त्यामुळे स्वतःच्या आवारात पडलेलं रोप उचलून बांधण्यात काही गैर नाही. पण याच रोपाच्या जोडीला ताम्हिणीतून आणखी एक आणू असं कुणाच्या मनात असेल तर त्याला थांबवा. राखीव वनातून वनोपज उचलणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. घाटरस्त्यावर पोत्यावर मांडून विकलेली रोपंही जंगलातूनच ओरबाडलेली असतात. ती घेऊ नका. त्यातली बहुतेक उन्हाळा बघतच नाहीत.

तरीही गावच्या घरी कुणी राहत नसेल, आंबाच पडायला आला असेल आणि रोप शहरात आणण्यावाचून इलाज नसेल, तर शक्यतो पूर्व दिशेची बाल्कनी निवडा. पश्चिमेच्या उन्हात एप्रिलमध्ये पानं भाजतात. साल असलेल्या जाड फांदीच्या तुकड्यावर किंवा सागाच्या पट्ट्यांच्या टोपलीत बांधा, कुंडीत मातीत नको. पाणी सकाळी लवकर घाला, मुळं हिरवी होईपर्यंत, आणि मग ती पुन्हा रुपेरी होऊ द्या. पावसाळ्यात वरचं पाणी लागत नाही. मार्च ते मे या काळात मात्र शहरातली हवा इतकी कोरडी होते की दिवसातून दोनदा द्यावं लागेल. दुसऱ्यांदा देताना शेंडा रात्रीपर्यंत कोरडा होईल एवढा वेळ हातात ठेवा. नळाचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून वापरा. पहिल्या वर्षी फूल येणार नाही असं धरूनच चाला. मुळं हलवलेली या ऑर्किडांना आवडत नाहीत, रुसून बसतात.

पुढच्या जूनमध्ये फुललं की चार फोटो काढा. एक पूर्ण रोप झाडावर आहे तसं, एक संपूर्ण तुरा, एक फूल समोरून आणि एक फूल अगदी बाजूनं. फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. तारीख, गाव आणि यजमान झाड लिहून ठेवा. एखाद्या पानाच्या टोकाचा आणि खालच्या बाजूचा फोटोही जोडा. तेवढ्यावर जात सांगता येईल. तरी शंका राहिली तर कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या वनस्पतिसंग्रहात सह्याद्रीतले नमुने वाळवून जपलेले आहेत. त्यांच्याशी फुलाची तुलना करून बघायची विनंती करता येते. त्यासाठी अख्खं रोप घेऊन जायची गरज नाही, दोन-तीन फुलं पाण्यानं पातळ केलेल्या स्पिरिटमध्ये बुडवून लहान बाटलीत नेलीत की लिपची घडण शाबूत राहते. रंग मात्र स्पिरिटमध्ये उतरतो, म्हणून फोटो आधी काढा.